दुरुस्तीची दुरुस्ती

सोनाराचा काटाच खोटा असेल तर सोने कितीही खरे असले तरी वजन खोटे निघते. आणि गंमत अशी की गिऱ्हाईक शंका घेते ती सोन्यावर, काट्यावर नव्हे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत असाच एक काटा तपासण्यात माझ्या तीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या. काटा म्हणजे संगणकाचा एक प्रोग्राम होता, आणि त्याचे काम दुरुस्ती करणे हे होते.

आधी थोडे मागचे सांगायला हवे. आपल्या या वार्षिकाचे जुने अंक ग्रंथालयात सलग नाहीत. कुठला फाटला, कुठला कोणी नेला तो परत आला नाही. सत्तरच्या दशकातील अंकांचा एकच पूर्ण संच शिल्लक होता, आणि तो एका निवृत्त सरांच्या घरी होता. २०१८ साली तेव्हाच्या विद्यार्थ्यांनी तो मागून आणला, एकेक पान स्कॅन केले आणि संच सरांना परत पोचवला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, सरांच्या घरात कमरेइतके पाणी शिरले. पाणी उतरले तेव्हा त्या अंकांचा लगदा झाला होता. तेव्हापासून ते अंक कागदावर कुठेच नाहीत. जे काही आहे ते स्कॅन केलेल्या पानांत.

ही पाने सांभाळणारी संगणक-प्रणाली फुकट मिळणारी, जगातल्या स्वयंसेवकांनी मिळून लिहिलेली अशी आहे. तिची रचना साधी आणि मला विचाराल तर शहाणपणाची. प्रत्येक पानाची एक नोंद असते. नोंदीत लेखाचे नाव, लेखकाचे नाव, फाइलचे नाव आणि फोल्डरचा क्रमांक, एवढेच. फोल्डरचा पूर्ण पत्ता तिथे नसतो. तो वेगळ्या यादीत असतो: क्रमांक १ म्हणजे मराठी विभाग, २ म्हणजे कन्नड विभाग, ३ म्हणजे छायाचित्रे. यामुळे होते काय, की उद्या बिऱ्हाड हलवायची वेळ आली तर हजारो नोंदींना हात लावावा लागत नाही. यादीतल्या तीन ओळी बदलल्या की झाले.

बिऱ्हाड हलवायची वेळ आली. जुना सर्व्हर बंद होणार होता. सर्व फाइली नव्या जागी नेल्या, जुन्या सेटिंगची एक प्रत जपून ठेवली, आणि मग त्या प्रणालीबरोबरच येणारा दुरुस्ती-प्रोग्राम चालवला. हा प्रोग्राम मोठा सज्जन. तो जुने पत्ते समोर मांडतो, नवे पत्ते काय असावेत याचा स्वतः अंदाज करून सुचवतो, आणि आपण होकार दिला की सगळे लिहून टाकतो. तिन्ही पत्ते बरोबर सुचवले. आम्ही होकार दिला. हिरव्या अक्षरांत यशस्वी झाल्याचा संदेश आला. अनुक्रमणिका उघडली तर सगळी नावे जागच्या जागी.

चार दिवसांनी ग्रंथपाल सरांना एक फोन आला. बडोद्याला स्थायिक झालेल्या एक माजी विद्यार्थिनी बोलत होत्या. सरांनी फोन माझ्याकडे दिला. १९७८ च्या अंकात त्यांनी आपल्या आईवर एक लेख लिहिला होता. आयुष्यात छापून आलेले तेवढे एकच लिखाण, आणि त्यांच्याजवळचा अंक कधीच हरवलेला. अधूनमधून त्या तो लेख इथूनच उघडून वाचत. "बाळ," त्या म्हणाल्या, "माझ्या नावावर टिचकी मारली की कानडी पान येतंय. लहानपण बेळगावात गेलं, म्हणून मला कानडी वाचता येतं. लेख चांगला आहे, ऊस लागवडीवर आहे. पण माझी आई कुठं गेली?"

मी हसलो, आणि फोन ठेवल्यावर मात्र हसू आले नाही.

रात्री मी आणि कन्नड विभागाचा विद्यार्थी-संपादक (आम्ही दोघे बी.सी.ए. च्या एकाच वर्गात) बसून एकेक पान उघडू लागलो. जे दिसले ते गोंधळात टाकणारे होते. मराठी विभागातील बहुतेक लेख उघडत होते, पण मराठी लेखाच्या जागी कन्नड पान येत होते. कन्नड विभागातील एकही लेख उघडत नव्हता. फाइल सापडत नाही असा संदेश येई. आणि छायाचित्रांच्या ठिकाणी संदेशसुद्धा नाही, नुसता पांढरा चौकोन. एकाच घरात तीन रोगी आणि तिघांची लक्षणे वेगळी. साहजिकच आम्ही तीन वेगळे रोग शोधू लागलो. मित्राला वाटले, फाइली हलवताना कन्नडचे फोल्डर अर्धवट आले. मला वाटले, २०१८ च्या मंडळींनी मराठी पानांना नावे देताना घोटाळा केला. छायाचित्रांचा दोष आम्ही दोघांनी मिळून सर्व्हरवाल्यांवर टाकला. दोन रात्री या तीन तर्कांच्या पाठीमागे गेल्या. फाइली सगळ्या होत्या, नावे बरोबर होती, आणि सर्व्हरही निर्दोष होता.

तिसऱ्या रात्री मित्राने जुनी सेटिंगची प्रत आणि नवी सेटिंग शेजारी शेजारी उघडली. जुन्या यादीत महिरपी कंस होता आणि आत प्रत्येक पत्त्यापुढे त्याचा क्रमांक: १, २, ३. नव्या यादीत पत्ते तेच, क्रमही तोच, पण कंस चौकोनी, आणि क्रमांक गायब.

ज्यांनी पी.एच.पी. ही संगणक-भाषा हाताळली आहे त्यांच्या ध्यानात आले असेल. इतरांसाठी सांगतो. या भाषेत यादी साठवण्याची एक सोय आहे. यादीचे क्रमांक ०, १, २ असे शून्यापासून सलग असतील तर ते लिहायची गरज नाही, असे ती समजते. चौकोनी कंसात नुसते जिन्नस लिहून मोकळी होते. क्रमांक वेगळे असतील तर मात्र महिरपी कंसात क्रमांकासकट लिहिते. म्हणजे चौकोनी कंसाचा अर्थ क्रमांक पुसले गेले असा नव्हता. मराठी आता ० झाले होते, कन्नड १ आणि छायाचित्रे २, असा होता.

आता तिन्ही रोगी पुन्हा पाहा. मराठी लेखाची नोंद म्हणते, फोल्डर १ मध्ये जा. तिथे आता कन्नड बसले आहे. दोन्ही विभागांच्या फाइलींना वर्ष आणि पान यांवरून नावे दिलेली, म्हणून १९७८ चे बारावे पान दोन्हीकडे आहे. ते निमूटपणे उघडते. कन्नड लेखाची नोंद म्हणते, फोल्डर २. तिथे छायाचित्रे, त्यांची नावे निराळी. फाइल सापडत नाही. छायाचित्राची नोंद म्हणते, फोल्डर ३. त्या क्रमांकाचे काही अस्तित्वातच नाही. रोग एकच होता, आणि तो एका घराने सरकलेला होता.

यातला सगळ्यांत वाईट प्रकार कोणता, असे मला कोणी विचारले तर मी मराठीकडे बोट दाखवीन. जे सापडत नाही त्याची तक्रार होते. जे चुकीचे सापडते त्याला पुष्कळ दिवस कोणी बोलत नाही. बडोद्याच्या बाईंना कन्नड येत नसते तर त्यांनी कदाचित आपलाच संगणक बिघडला असे समजून सोडून दिले असते.

दुरुस्ती-प्रोग्रामचा मूळ मजकूर सर्वांना वाचायला खुला आहे. तो वाचून दोष सापडायला फार वेळ लागला नाही. पत्ते दाखवताना प्रोग्राम प्रत्येकासाठी एक चौकट काढतो आणि चौकटीला नाव देतो. त्या नावापुढे एक रिकामा कंस होता. रिकामा कंस म्हणजे "तुझा तू क्रमांक लाव" असे सांगणे. पी.एच.पी. ने आपल्या सवयीप्रमाणे शून्यापासून लावले. एवढेच. आमच्या आधी हे कोणाच्या लक्षात का आले नाही, याचेही कारण त्याच मजकुरात होते. फोल्डर एकच असेल तर ही प्रणाली यादी करतच नाही, नुसता पत्ता साठवते. आमच्यासारखे तीन फोल्डर बाळगून वर बिऱ्हाड हलवणारे फारसे कोणी नसावेत.

इथे जरा शून्य आणि एक यांच्या भांडणाविषयी. संगणकाच्या जगात हे भांडण जुने आहे. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत यादीची मोजणी एकपासून होई. सी ही भाषा शून्यापासून मोजते, कारण तिच्या दृष्टीने क्रमांक म्हणजे सुरुवातीपासूनचे अंतर. पहिली वस्तू सुरुवातीलाच असते, म्हणून तिचे अंतर शून्य. १९८२ साली एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने मोजणी शून्यापासूनच का असावी यावर एक छोटे, हस्तलिखित टिपण लिहिले, ते अजून वाचले जाते. पी.एच.पी. शून्याच्या पक्षाची. पण माहिती साठवणारे बहुतेक कोठार-प्रोग्राम नव्या नोंदीला आपोआप क्रमांक देतात तो एकपासून. त्यामुळे एकाच प्रणालीच्या पोटात दोन्ही पक्ष नांदत असतात.

आपल्याला हे नवे वाटायचे कारण नाही. मुलाला पाचवे लागले असे आपण म्हणतो तेव्हा त्याची चारच वर्षे पूर्ण झालेली असतात. शिलालेखात शकाचे वर्ष आले की ते गत की वर्तमान, म्हणजे सरलेले की चालू, असा प्रश्न इतिहासकारांना पडतोच. माझे आजोबा खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणत आणि मग दोन, तीन असे पुढे जात. मापणारा आणि पोती शिवणारा दोघांनाही ते ठाऊक असे, म्हणून हिशेब कधी चुकला नाही. हिशेब चुकतो तो एकाने लाभ म्हटले आणि दुसऱ्याने ते शुभेच्छा म्हणून सोडून दिले, तर.

दोष सापडल्यावर आम्हा दोघांचे चांगलेच वाजले. मित्राचे म्हणणे सोपे होते. "यादी शून्यापासून झालीय ना, मग नोंदीपण शून्यापासून करू. सगळ्या नोंदींतून एक वजा करायचा. एका कमांडचं काम आहे की! पुन्हा कधी हा प्रोग्राम चालवला तरी बिघडणार नाही."

आणि हे खोटे नव्हते. एका मिनिटात सगळे सुरळीत झाले असते. बडोद्याच्या बाईंना त्याच रात्री लेख दिसला असता.

माझा आक्षेप असा होता की हे क्रमांक आता आपल्या घरात राहिलेले नाहीत. २०१८ च्या विद्यार्थ्यांनी जी छापील सूची काढली होती तीत प्रत्येक लेखापुढे फोल्डर, वर्ष आणि पान असा संदर्भ आहे. ती सूची माजी विद्यार्थ्यांच्या घरोघरी गेली आहे. ज्याने १ हा आकडा कागदावर उतरवून घेतला, त्याच्या कागदातून आम्ही एक वजा कसा करणार?

"तसा संदर्भ बघून शोधणारे कितीजण असतील?" मित्राने विचारले. याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ग्रंथपाल सर शेजारच्या टेबलावर काम करीत होते. ते उठले आणि आतून दाखल नोंदवही घेऊन आले. जुनी, कापडी पाठीची. एक पान उघडून त्यांनी आमच्यासमोर ठेवले. मध्ये मध्ये तांबड्या शाईने 'हरवले', 'जीर्ण, बाद' असे शेरे होते.

"पुस्तक गेलं की त्याचा दाखलअंक आम्ही दुसऱ्या पुस्तकाला देत नाही," सर म्हणाले. "जागा रिकामी राहते, राहू दे. नवीन पुस्तक आलं की पुढचा अंक. मागचे अंक सरकवून यादी सुबक करायची म्हटलं, तर दोन आण्यांच्या सुबकपणापायी कपाटातल्या सगळ्या पुस्तकांवरचे शिक्के खोटे पडतील."

मित्र थोडा वेळ नोंदवही चाळत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे स्टेशनासारखं." आमच्या शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, पण रेल्वेच्या वहीत स्टेशनची खूण बी.जी.एम. हीच आहे. बडोद्याची बी.आर.सी. तशीच. पाटीवरचे नाव माणसांसाठी असते; ते बदलते, त्यावर माणसे भांडतात, मनात काही वेगळेच नाव ठेवतात. ती तीन अक्षरे मात्र एकदा तिकिटांवर आणि वेळापत्रकांत पसरली की त्यांना हलवून कोणाचा काही फायदा नसतो. उदाहरण मित्राने स्वतःच दिले, त्यामुळे वाद तिथेच संपला.

दुरुस्ती दोन ओळींची झाली. पहिल्या ओळीत रिकाम्या कंसात पत्त्याचा मूळ क्रमांक घातला. दुसरी ओळ थोडी पुढे होती. तिथे प्रोग्राम यादी वाचताना शून्यापासून यादीच्या लांबीपर्यंत मोजत जाई. ते काढून, यादीत जे क्रमांक असतील त्यांनाच धरून फिरायला सांगितले. हे दुसरे का, तर उद्या कोणी मधले २ हे फोल्डर काढून टाकले तर यादीत १ आणि ३ उरतील, आणि लांबी मोजून चालणारा प्रोग्राम ३ पर्यंत पोचणारच नाही. मग आमच्याकडे जपलेल्या प्रतीवरून जुनी यादी पुन्हा बसवली, तिच्यावर दुरुस्त केलेला प्रोग्राम चालवला, आणि महिरपी कंस क्रमांकांसकट परत आला. कन्नडच्या फोल्डरातून कन्नड निघाले, मराठीतून मराठी. रात्री उशीर झाला होता, म्हणून बडोद्याला फोन दुसऱ्या दिवशी सकाळी केला. बाईंनी फोन चालू ठेवूनच लेख उघडला आणि पहिला परिच्छेद वाचू लागल्या. मला ऐकवण्यासाठी नव्हे, स्वतःशीच. मी फोन धरून गप्प उभा राहिलो.

आमच्यापुरते काम झाले होते. पण तो रिकामा कंस जगातल्या सगळ्या प्रतींमध्ये तसाच होता. म्हणून आम्ही दुरुस्ती मूळ लेखक-मंडळाकडे पाठवली. तिच्याबरोबर एक तिसरा, वीस-एक ओळींचा भागही जोडला. ज्यांची यादी आधीच सरकली आहे आणि जुनी प्रत जवळ नाही, अशांसाठी. यादी शून्यापासून सुरू होत असेल, एकाही नोंदीत ० नसेल, आणि नोंदींतला सर्वांत मोठा क्रमांक यादीच्या लांबीइतका असेल, तर यादी आपोआप एका घराने पुढे सरकवावी, असे त्यात होते.

आठ दिवसांनी उत्तर आले. दोन ओळी त्यांनी जशाच्या तशा घेतल्या. तिसऱ्या भागाविषयी मात्र एका परदेशी सभासदाने लिहिले की दुरुस्ती-प्रोग्रामने अंदाजाने काही सरकवू नये. सरकल्याची शंका आली तर इशारा द्यावा आणि निर्णय माणसावर सोडावा. आम्ही तो भाग त्याप्रमाणे बदलून दिला. मित्राला ते लगेच पटले. मला अजून अर्धवटच पटले आहे. इशारा वाचून नेमके काय करायचे हे ज्याला कळेल त्याला इशाऱ्याची गरज कमी, आणि ज्याला गरज त्याला तो कळणार नाही, असे मला वाटते. पण पुन्हा नोंदवहीतली तांबडी शाई आठवते. सरही स्वतः होऊन काही खोडत नाहीत, समितीपुढे ठेवतात. असो.

आता या सगळ्या खटाटोपात एक वेगळेच काम हाती लागले आहे. पांढऱ्या चौकोनांच्या जागी छायाचित्रे परत आली तेव्हा आम्ही ती प्रथमच नीट पाहिली. पुष्कळांखाली नावेच नाहीत. १९७६ च्या स्नेहसंमेलनातील एका नाटकाचे छायाचित्र आहे. सात जण उभे आहेत, एकाच्या हातात कंदील आहे, आणि उजवीकडचे दोघे हसू दाबताहेत. नाटक मराठी की कन्नड, एवढेसुद्धा त्यावरून कळत नाही. मराठीतील नावे मी टिपतो आहे, कन्नडमधील मित्र. फोल्डर ३, वर्ष १९७६, छायाचित्र ४. आपल्यापैकी कोणाच्या वडिलांना, काकांना, आत्याला यातले कोणी ओळखता आले, तर ग्रंथालयात संध्याकाळी चार ते सहा या वेळात येऊन सांगावे.